आजोबांची बेल्जियन बंदूक आणि उस्ताद

ग्वाल्हेर-लष्करच्या जुन्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास असायच्या. देवघरात टाक आणि दिवाणखान्यात भिंतीवर बंदूक. आमच्याकडची बंदूक बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. दुनळी नव्हती, एकनळी होती, पण एकदा भरली की पाच बार काढायची. मागच्या बाजूला चौकोनी कुबड. १९३८ साली आजोबांनी ती कोरी करकरीत घेतली. आज लिहितोय ते तिच्याबद्दल, आणि तिच्यापायी आमच्या घरून झालेल्या एका अन्यायाबद्दल.

आधी बंदुकीचा इतिहास. ती रचली जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने. १८५५ साली युटामधल्या ऑग्डेनला जन्म, वडीलही बंदुका करणारे. आपोआप भरणाऱ्या या छऱ्याच्या बंदुकीचं पेटंट त्याला १९०० साली मिळालं. तोवर त्याच्या रचना विंचेस्टर कंपनी एकरकमी विकत घेत असे. या वेळी त्याने नगामागे हिस्सा मागितला, कंपनीने नकार दिला. मग तो रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये भेटीसाठी बाहेर बसला असतानाच तिथले अध्यक्ष हार्टली हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. शेवटी तो बोटीने बेल्जियमला गेला. लीएजजवळच्या हेर्स्टाल गावातल्या एफ.एन. कारखान्याने ती बंदूक बनवायला घेतली. पुढे ती ‘ऑटो-५’ म्हणून ओळखली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. ब्राउनिंग १९२६ साली हेर्स्टालच्या त्याच कारखान्यात काम करता करता गेला.

आता आमच्या घराची गोष्ट. त्या हिवाळ्यात आजोबा तिघऱ्याच्या तलावावर बदकांना गेले. सोबत मित्रमंडळी, नवी बंदूक दाखवायची हौस. पहिला बार झाला, आणि रिकामं काडतूस खिडकीतच अर्धवट अडकलं. खालचं काडतूस वर येईना. हाताने ओढून काढलं, पुन्हा बार, पुन्हा तेच. चारचौघांत फजिती झाली.

बाड्याजवळच्या गल्लीत एक बंदूक दुरुस्त करणारे होते. आम्ही सगळे त्यांना उस्तादच म्हणायचो. आसपासच्या दहा-बारा वाड्यांची हत्यारं त्यांच्याकडेच जायची. त्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली आणि क्रमाने तपासत गेले. पावसाळ्यात कागदी काडतुसं दमटपणाने फुगतात, म्हणून एकेक हाताने नळीत घालून पाहिलं. सैल बसत होती. नवीन मालाला कारखान्यातून चोपडून येणारं ग्रीस घट्ट झालंय का पाहिलं, पुसून हलकं तेल दिलं. नळी हाताने मागे दाबली, सरळ मागे गेली, सरळ पुढे आली. काही मोडलेलं नव्हतं. मग ते आजोबांना म्हणाले, “सरकार, पेटी में कोई काग़ज़ आया होगा, पढ़वा दीजिए.”

आजोबांना राग आला. कारागिराने कागद मागावा? पुढच्या खेपेला बंदूक पुन्हा अडकली तेव्हा उस्तादांनीच उघडून बिघडवली, असं ठरलं. वाड्याचं काम बंद झालं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण आजोबांनी आणखी दोन-तीन घरी तसंच सांगितलं, आणि तीही कामं उस्तादांच्या हातून गेली.

गंमत अशी, की रानडुकरासाठी जड भरणीची काडतुसं घातली की तीच बंदूक सुरळीत चालायची. तितर-बदकांसाठी हलकी घातली की अडकायची. घरात सगळे म्हणायचे, बंदूक लहरी आहे. हा फरक डोळ्यांसमोर असून कुणी विचार केला नाही.

आजोबा १९७० मध्ये गेले. १९७३ साली वडिलांनी बंदूक विकायची ठरवली. मी नुकताच बी.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो. पेटी साफ करताना मखमली अस्तराखाली इंग्रजी पुस्तिका सापडली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी वाचायला बसलो.

या बंदुकीत बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले तसेच मागे येतात. बोल्ट मागे धरला जातो, नळी स्प्रिंगने पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं. मग नवीन वर येतं आणि बोल्ट ते नळीत ढकलतो. काडतुसांच्या नळकांड्याभोवती ही स्प्रिंग असते. तिच्या पुढच्या टोकाला ब्राँझचा एक तुकडा ब्रेकसारखा काम करतो. सोबत एक पोलादी कडं असतं. जड काडतुसांसाठी कडं स्प्रिंग आणि ब्राँझच्या मध्ये ठेवायचं, म्हणजे ब्रेक घट्ट लागतो. हलक्यासाठी ते काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला घालायचं. उलट चूक केली तर नळी मागे जोरात आदळून लाकूडही तडकतं. आमचं कडं पहिल्या दिवसापासून जडवर होतं. हलक्या काडतुसाचा धक्का नळीला पुरता मागे नेतच नव्हता. पाच मिनिटांचं काम, ते पस्तीस वर्षं राहिलं.

वडील मला घेऊन उस्तादांकडे गेले. ते सत्तरीचे झाले होते, नजर कमी झाली होती. मी पुस्तिकेतलं चित्र दाखवलं, हिंदीत समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, दोन वर्षांनी तशीच दुसरी बंदूक हाती आली, तेव्हा त्यांना कड्याचं कळलं होतं. मग सांगायला का नाही आलात, असं वडिलांनी विचारलं. ते म्हणाले, “बुलाया किसने था, साहब?” वडिलांनी हात जोडले. उस्तादांनी चहा मागवला. त्या दिवशी पुढे बोलणं फारसं झालं नाही.

आमच्या घरात तेव्हा तिघांना इंग्रजी वाचता येत होतं. ज्याला येत नव्हतं, त्यानेच कागद मागितला, आणि दोष त्याच्यावर गेला. पुढे बँकेत कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला की सगळे आधी कॅशियरकडे किंवा शिपायाकडे बघायचे. अशा वेळी मी आधी व्हाउचर मागवायचो. सहकाऱ्यांना वाटायचं, ही माझी शिस्त. ती मी उस्तादांच्या दुकानात शिकलो.

बंदूक गेली, पुस्तिका मी ठेवून घेतली. तुमच्या घरच्या आठवणींत असे कुणी उस्ताद असतील, ज्यांचं नाव निष्कारण खराब झालं, तर जरूर लिहा. आपल्या मुलांना कळू दे.