विद्यापीठीय तक्रार निवारण आणि उभय पक्षांना न्याय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : गोवा विद्यापीठ प्रकरण व ग्रामीण रायगडातील महाविद्यालये)

प्रस्तावना :
उच्च शिक्षणात मुलींचा सहभाग वाढत गेला, तसा शैक्षणिक परिसरातील लैंगिक छळाचा प्रश्नही पुढे येत गेला. या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. एका बाजूस तक्रारदार विद्यार्थिनीची सुरक्षितता असते, तर दुसऱ्या बाजूस आरोप झालेल्या व्यक्तीचा बाजू मांडण्याचा हक्क. ही दोन्ही मूल्ये परस्परविरोधी आहेत, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) चौकशी समित्यांच्या अधिकारांचा विकास अभ्यासणे.
२) गोवा विद्यापीठ प्रकरणाचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) कर्जत व खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात त्याचा विचार करणे.

नैसर्गिक न्यायाची पूर्वपीठिका :
महाविद्यालयीन चौकशीतील न्याय्यतेचा प्रश्न विशाखा निकालाच्या कितीतरी आधीचा आहे. जून १९७२ मध्ये रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरून असभ्य वर्तन केल्याची तक्रार झाली. प्राचार्यांनी नेमलेल्या समितीने मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत नोंदविले. विद्यार्थ्यांना आरोप कळविण्यात आले, त्यांचे म्हणणे ऐकण्यात आले आणि नंतर त्यांना काढून टाकण्यात आले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरविली. नैसर्गिक न्याय ही साचेबंद गोष्ट नसून परिस्थितीनुसार तिचे स्वरूप बदलते, आणि समोरासमोर उलटतपासणी घेतल्यास मुलींना पुढे त्रास होण्याचा धोका दुर्लक्षिता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. मात्र आरोप कळविणे आणि उत्तराची संधी देणे या किमान अटी तेथेही पाळल्या गेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

विशाखा ते पुण्याची याचिका :
राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. महिला अध्यक्ष, निम्म्याहून कमी नाही इतके महिला सदस्य आणि बाहेरील संस्थेचा प्रतिनिधी अशी तक्रार समितीची रचना त्याने घालून दिली. परंतु या समितीच्या अहवालाचे पुढे काय व्हावे, हे अस्पष्टच राहिले. अनेक ठिकाणी समितीच्या चौकशीनंतर खातेनिहाय चौकशी नव्याने सुरू होई आणि तक्रारदार स्त्रीला तीच हकीकत पुन्हा सांगावी लागे. पुण्यातील 'आलोचना' या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी विशाखा निकालाच्या अंमलबजावणीकडे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. त्या प्रकरणात २६ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा. ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालाने ही भूमिका कायम केली.

या आदेशाने समितीचे सामर्थ्य वाढले आणि त्याबरोबर तिची जबाबदारीही वाढली. ज्या अहवालावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते, तो अहवाल चौकशीच्या नियमांना धरून असणे अपरिहार्य ठरले.

गोवा विद्यापीठ प्रकरण :
२००९ मध्ये गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने मे महिन्यात लागोपाठ बैठका घेतल्या. प्रतिवादीने प्रकृतीच्या कारणास्तव मागितलेली मुदत नाकारली, एकतर्फी चौकशी पूर्ण केली आणि जूनमध्ये अहवाल सादर केला. जानेवारी २०१० मध्ये प्रतिवादीस बडतर्फ करण्यात आले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मात्र १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि मे २००९ मधील टप्प्यापासून चौकशी पुन्हा करण्याचा आदेश दिला.

या निकालाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. न्यायालयाने प्रतिवादीस निर्दोष ठरविले नाही आणि तक्रारी खोट्याही म्हटल्या नाहीत. तक्रारदारांना न्याय देण्याच्या उत्कंठेत समितीने त्यांचेच अधिक नुकसान केले, असे न्यायालयाचे निरीक्षण आहे. काही आठवड्यांची मुदत नाकारल्याने चौदा वर्षांनंतर सारे पुन्हा आरंभापाशी आले. या काळात विद्यार्थिनींचे शिक्षण संपले, साक्षीदार पांगले, स्मृती पुसट झाल्या. चौकशीतील उणिवेची किंमत दोन्ही पक्षांनी मोजली; पण फेरचौकशीत तीच हकीकत पुन्हा सांगण्याचा भार तक्रारदारांवरच येतो.

विद्यमान चौकट आणि ग्रामीण महाविद्यालये :
२०१३ चा कायदा व विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेली २०१५ ची विनियमावली यांनी मुदती ठरवून दिल्या आहेत. तक्रारीची प्रत सात दिवसांत प्रतिवादीस द्यावी, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावे आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी, अशी ही रचना आहे. तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. लैंगिक अत्याचार हा फौजदारी गुन्हाही असल्याने समितीची चौकशी पोलिसांकडील तक्रारीला पर्याय ठरत नाही.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांत या चौकटीची खरी परीक्षा होते. येथील अध्यापकवर्ग लहान असतो. समितीचे सदस्य, प्रतिवादी आणि प्राचार्य रोज एकाच स्टाफरूममध्ये बसतात. वाड्यापाड्यांतून येणारी किंवा कर्जत-खोपोली लोकलने ये-जा करणारी विद्यार्थिनी अनेकदा घरातील पहिलीच पदवीधर होऊ पाहत असते. तक्रारीची वाच्यता झाली, तर घरचे शिक्षणच थांबवतील, ही भीती तिला बोलू देत नाही. उलटपक्षी, गावात पसरलेली कुजबुज हीच एखाद्या अध्यापकाची शिक्षा ठरू शकते. म्हणून गोपनीयता हे येथे उभय पक्षांचे समान संरक्षण आहे.

विनियमावलीनुसार विभागप्रमुख समितीचे सदस्य होऊ शकत नाहीत आणि ज्येष्ठ महिला अध्यापक उपलब्ध नसल्यास अध्यक्ष अन्य कार्यालयातून घेता येते. लहान महाविद्यालयांनी या तरतुदीचा उपयोग केला पाहिजे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थांसाठी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीचा मार्ग आहे. अलिबाग गाठणे प्रत्येकीस शक्य नसते, म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी तक्रार स्वीकारणाऱ्या समन्वय अधिकाऱ्याची तरतूद महत्त्वाची ठरते. गोवा प्रकरणातच ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या यंत्रणा मुदतीत उभारण्याचे आदेश दिले.

निष्कर्ष :
१) समितीचे अधिकार वाढले, तसतशी कार्यपद्धतीच्या शुद्धतेची गरजही वाढली.
२) रांची प्रकरण दाखविते की तक्रारदाराचे संरक्षण करूनही प्रतिवादीस किमान संधी देता येते, गोवा प्रकरण ती न दिल्याचे परिणाम दाखविते.
३) तक्रारीची प्रत पोचल्याची नोंद, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त आणि मुदत नाकारल्यास त्याची लेखी कारणे ही प्राध्यापकांना किरकोळ कागदपत्रे वाटतात; वस्तुतः तक्रारदाराचा न्याय अपिलात टिकतो तो त्यांच्याच आधारावर.

न्याय्य चौकशी ही प्रतिवादीला दिलेली सवलत नव्हे. बोलण्याचे धाडस करणाऱ्या विद्यार्थिनीला संस्थेने दिलेले ते पहिले वचन आहे.