हरलेला आक्षेप

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पदार्थविज्ञानातले गणित माझ्या आवाक्यातले नव्हे. पण शास्त्रज्ञांचे वाद मला कादंबरीइतकेच ओढ लावतात. त्यांतलाच हा एक.

१९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन या तिघांनी क्वांटम सिद्धान्तावर आक्षेप घेतला. त्या सिद्धान्तानुसार दोन कणांची अशी जोडी जमू शकते, की ते कितीही दूर गेले तरी एकाला मोजून दुसऱ्याचा गुण नेमका सांगता यावा. मग तो गुण दुसऱ्यापाशी आधीपासूनच असला पाहिजे; सिद्धान्तात मात्र त्याची नोंद नाही. म्हणून सिद्धान्त अपुरा, असे त्यांचे म्हणणे.

१९५५ साली आइन्स्टाइन वारले. १९६४ साली जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाने तपासण्याची वाट दाखवली, आणि पुढे प्रयोगांनी क्वांटमच्या बाजूने कौल दिला. आक्षेप हरला.

पण गोष्ट इथे संपत नाही. कणाच्या अज्ञात स्थितीची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ साली वूटर्स व झुरेक यांनी सिद्ध केले. मग ती स्थिती दूर धाडायची कशी? १९९३ साली बेनेट, ब्रासार्ड प्रभृती सहा जणांनी आइन्स्टाइनचीच जोडी कामाला लावली. धाडणाऱ्याने मूळ कण आणि जोडीतला आपला कण यांचे एकत्र मोजमाप करायचे. त्यात मूळ स्थिती पुसली जाते. मोजमापाचा निकाल साध्या मार्गाने कळवायचा. घेणाऱ्याने त्याबरहुकूम आपला कण फिरवला, की तीच स्थिती तिकडे उभी राहते. कण जात नाही, त्याची स्थिती तेवढी जाते.

१९९७ साली इन्सब्रुक येथे त्सायलिंगर यांच्या गटाने प्रकाशकणांवर हे करून दाखवले. २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून १,४०० किलोमीटरपर्यंतच्या उपग्रहाकडे स्थिती धाडली. २०२२ साली आस्पे, क्लाउझर व त्सायलिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि गंमत पाहा! तो साधा निरोप पोचेपर्यंत दूरच्या कणावरून काहीच उमगत नाही. आणि निरोपाला प्रकाशाहून जलद धावता येत नाही. म्हणजे आइन्स्टाइननेच आखलेली वेगाची मर्यादा शाबूत राहिली.

वर्गात चुकलेल्या उत्तराचे गुण आम्ही कापतो. शंकेला गुण देण्याचा रकाना आमच्या गुणपत्रकात अजून नाही.