मुलांसह वस्तुसंग्रहालयात

मुंबईत भायखळ्यास, राणीच्या बागेला लागून असलेले वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी अनेक वर्षे खटपट केली होती. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याच नावाने ओळखले जाते. निरनिराळ्या जातिव्यवसायांतील माणसांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती हे तेथील मोठे आकर्षण. गावाकडून आलेला पाहुणा राणीच्या बागेतील वाघ पाहून झाला की मुलाबाळांसह तेथे शिरे आणि डोळे विस्फारून बाहेर पडे. अशा जागेस सामान्य माणसाने नाव दिले ‘अजबखाना’. कोणी ‘जादूघर’ही म्हणत.

या नावातच त्या भेटीचा मोठेपणा आहे आणि उणीवही आहे. अजब वाटणे ही ज्ञानाची पहिली पायरी खरी. पण पहिल्या पायरीवरून परत फिरणाऱ्यास माडीवर काय आहे ते कळत नाही. मोठी माणसे पुढे, मुले मागे, दोन तासांत सारी दालने पालथी घालावयाची, ‘हात लावू नको’ एवढेच वाक्य मुलाच्या कानी पडावयाचे आणि घरी आल्यावर मुलाला आठवावे ते दारातले आइस्क्रीम, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. दोष मुलाचा नसतो. वस्तू मुकी असते आणि तिच्या वतीने बोलणारे कोणी तेथे नसते.

वस्तूला बोलते करणारे माणूस हवे, ही जाणीव जगातही सावकाशच झाली. केवळ मुलांसाठी असलेले पहिले संग्रहालय अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली निघाले. बॉस्टनच्या कलासंग्रहालयाने १९०७ पासून प्रेक्षकांबरोबर फिरून समजावून सांगणारे मार्गदर्शक नेमले. मुंबईच्या ज्या संग्रहालयास आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. त्याच्या आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले ते २०१९ साली. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत तेथे गेलेल्या मुलांना जे समजले, ते बहुतांशी बरोबरच्या वडीलधाऱ्या माणसांमुळेच समजले असणार.

महाराष्ट्रातील एक संग्रहालय तर एका मुलाच्याच नावाने उभे आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच वारला. केळकरांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या वस्तूंच्या संग्रहास त्याचे नाव दिले आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरात गेलेला तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तोफा-तलवारींपेक्षा अधिक लक्ष वेधून घेतात ते अडकित्ते, समया, फण्या, दौती, पाय घासावयाच्या वज्री आणि वाड्यांचे कोरीव दरवाजे. येथे सूचनाफलकाची फारशी गरज भासत नाही. आजी पुढे होते आणि सांगते, “अशी वज्री माझ्या माहेरी न्हाणीघरात असे.” त्या क्षणी ती आजीच मार्गदर्शक झालेली असते. मुलाला परकी वाटणारी वस्तू त्याच्या घराण्यातली होऊन जाते. संग्रहालयाच्या भेटीचे सारे मर्म या एका वाक्यात सामावले आहे.

हे मर्म जेथे विशेष कामी यावे असा प्रदेश म्हणजे बेळगाव-निपाणीचा सीमाभाग. बेळगाव शहराच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या परिसरात, कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही जोडगावे आहेत. येथील मराठी घरांतील मूल घरात मराठी बोलते, बाजारात आणि कचेरीत कानडी ऐकते. इतिहास म्हटले की त्याच्या कानावर प्रथम येते ती १९५६ सालची राज्यपुनर्रचना आणि तेव्हापासून चालत आलेला सीमाप्रश्न. त्या प्रश्नाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. त्याची झळ पुष्कळ घरांना लागलेली आहे. परंतु ज्या मुलाला आपल्या भूमीचा भूतकाळ केवळ तंट्याच्या रूपाने भेटतो, त्याच्या मनात तिच्याविषयी जिव्हाळ्याला फार थोडी जागा उरते. तंटा तर त्याला कोणीही शिकवील. भूमीची ओळख मात्र घरच्यांनीच करून द्यावी लागते.

ही ओळख गावापासूनच सुरू करता येते. कंग्राळीहून जवळच बेळगावचा किल्ला आहे. त्यात कमलबस्ती नावाचे जुने जैन मंदिर आहे. त्याच्या छताला दगडात कोरलेले मोठे कमळ आहे. त्याच्या पाकळ्या बहात्तर. गत, वर्तमान आणि भावी अशा बहात्तर तीर्थंकरांच्या त्या मानल्या जातात. मुलाला हा आकडा आधी सांगू नये. त्याला मान वर करून पाकळ्या मोजावयास लावावे. मोजता मोजता दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल आणि ते कमळ जन्मभर त्याच्या लक्षात राहील. त्याच किल्ल्यात आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातील साफा मशीदही आहे. एका तटाच्या आत किती हातांनी किती काळ बांधकाम केले, हे मुलाला तेथे नुसते फिरूनही दिसते.

याच किल्ल्याशी निगडित असलेले दोन शिलालेख मात्र बेळगावात पाहावयास मिळत नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन यांच्या कारकिर्दीतील, इसवी सन १२०४ चे हे लेख जुन्या कानडीत आहेत. बीचीराज या मंत्र्याने बांधविलेल्या जिनमंदिरास दिलेल्या देणग्यांची नोंद त्यांत आहे. त्या काळी बेळगावास वेणुग्राम म्हणत. आपल्या गावचा दगड सातासमुद्रांपार का गेला, हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याला थोपवू नये. ब्रिटिश अमलात पुष्कळ जुन्या वस्तू अशाच दूर गेल्या, हेही इतिहासाचेच एक पान आहे. तो लेख कानडीत कसा, असेही मूल विचारील. त्यालाही सरळ उत्तर द्यावे: या भूमीत कानडी, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या पिढ्या नांदल्या, आणि त्या सगळ्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू आता आपल्या सांभाळण्याच्या आहेत. वडीलधाऱ्यांनी हे उत्तर मनापासून दिले, तर मुलाच्या मनातील एक मोठी गाठ बांधली जाण्यापूर्वीच सुटेल.

एवढी तयारी झाली की मग कोल्हापूर. पुणे-बंगळूर महामार्गाने, निपाणीवरून, कंग्राळीच्या कुटुंबास सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असा हा प्रवास आहे. कोल्हापूरचे टाउन हॉल वस्तुसंग्रहालय १९४६ साली स्थापन झाले. त्याचे कारण पंचगंगेच्या काठी असलेली ब्रह्मपुरी नावाची टेकडी. तेथे प्रथम प्रा. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम झाले आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केले. मातीखाली सातवाहनकाळातील विटांची घरे निघाली. वरच्या थरात बहामनीकाळातील वस्ती आणि काचेच्या रंगीत बांगड्या सापडल्या. या टेकडीने दिलेली सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची, हातात मावेल एवढी ब्राँझची मूर्ती. तिच्याबरोबर हत्तीवर बसलेल्या माणसांची एक छोटी ब्राँझची प्रतिमाही सापडली.

कुटुंबाने येथे एकच निश्चय करावा: आज तीनच गोष्टी पाहावयाच्या, पोसायडन, हत्ती आणि बांगड्या. यांपैकी कोणती वस्तू त्या दिवशी दालनात मांडलेली आहे, हे जाण्यापूर्वीच विचारून ठेवावे. सुटीचा वारही विचारावा. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. बाकीचे दालन डोळ्यांखालून जाईल तेवढे जाऊ द्यावे. मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मोठ्यांनी लगेच माहिती सांगू नये. आधी मुलाला विचारावे, “हा माणूस आपल्याकडचा दिसतो का? का नाही?” मूल दाढी पाहील, अंगाची ठेवण पाहील आणि आपणच म्हणेल की हा परका आहे. मग पुढचा प्रश्न: “समुद्राचा देव डोंगरापलीकडे पंचगंगेकाठी कसा आला?” येथे गोष्ट सुरू होते. पावसाळी वाऱ्यांवर रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांची गलबते पश्चिम किनाऱ्यावरील कल्याण, चौल, सोपारा या बंदरांत येत. तेथून माल घाट चढून देशावर येई. सनावळी सांगावयाची तर ती सर्वांत शेवटी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ही गोष्ट, एवढे मुलाला पुरे.

लहान मुलांचे पाय आणि लक्ष दोन्ही पाऊण तासात थकतात, हे ध्यानी धरून तेवढ्यात बाहेर पडावे. सातआठ वर्षांच्या मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. हत्तीचे चित्र काढताना ते जितके पाहील तितके सांगून पाहणार नाही. मोठ्या भावंडाकडे धाकट्याला समजावून सांगण्याचे काम सोपवावे. बरोबर भाकरीची शिदोरी असावी आणि ती पंचगंगेच्या घाटावर सोडावी. तेथून ब्रह्मपुरीची टेकडी दाखवावी. काचेच्या पेटीतील वस्तू कोणत्या मातीतून निघाली हे डोळ्यांनी पाहिले की भूतकाळ आणि पायाखालची जमीन यांची सांगड मुलाच्या मनात कायमची बसते. परतीच्या वाटेवर कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. जुन्या खेड्यातील बलुतेदारांची कामे तेथे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभी केली आहेत. मात्र ते त्याच दिवशी उरकण्याचा हव्यास नसावा. तेथे आजोबांना घेऊन वेगळ्या दिवशी जावे. कारण मोट, घाणा आणि लोहाराचा भाता यांच्याविषयी आजोबा जे बोलतील ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही.

बेळगावास परतल्यावर मुलाला आणखी एक गोष्ट सांगावयाची राहते. शहरातील वडगाव-माधवपूर येथेही उत्खनन झाले आहे आणि तेथेही सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले आहेत. ज्या काळी तो समुद्रदेव कोल्हापुरास पोचला, त्याच सातवाहनांच्या काळात आपल्या या वडगावातही घरे होती, बाजार होता, माणसे होती. जे पाहावयास शंभर किलोमीटर गेलो, त्याचा सोबती आपल्याच वेशीजवळ मातीखाली निजलेला होता, हे कळल्यावर मूल वडगावच्या रस्त्याने पूर्वीसारखे जाणार नाही.

शेवटचे दालन घरातच आहे. माळ्यावर मापटे, चिपटे, पायली, कंदील, जुने जाते, कोपऱ्यात पडलेली तांब्याची नाणी, असे काहीतरी बहुतेक घरांत सापडते. ते एका फळीवर मांडावे आणि प्रत्येकापुढे मुलाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहावी. १९५७ साली नवे पैसे आले त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत, हे आजीने सांगावे आणि नातवाने लिहून घ्यावे. शेजारचे कानडी बोलणारे मूल पाहावयास आले तर चिठ्ठीवर त्याच्या भाषेतही एक ओळ त्याच्याकडूनच लिहवून घ्यावी. फळीवरील पायली दोघांच्याही आजोबांनी वापरलेली असेल. अशा पायलीपुढे ती दोन मुले एकत्र उभी राहतील, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला भूतकाळ त्यांच्या वडीलधाऱ्यांना मिळाला त्याहून थोडा मोठा आणि थोडा मोकळा असेल.