गंज पेठेतील वाडा : एका जुन्या प्रसूतिगृहाचा इतिहास

वाशी, भूम, परंडा या भागांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास जाणाऱ्या आमच्या अनेक वाचकांनी गंज पेठेतील महात्मा फुले वाडा पाहिला असेल. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे निवासस्थान म्हणून तो सर्वपरिचित आहे. मात्र याच घराच्या आवारात एकेकाळी निराधार मातांसाठी प्रसूतिगृह चालत असे, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. त्या कार्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पार्श्वभूमी

१८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली. परंतु रूढी बदलली नाही. बालवयात विवाह आणि कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या उच्चवर्णीय स्त्रियांना पुनर्विवाहाची वाट बंदच होती. अशा स्त्रीला, पुष्कळदा घरातल्याच पुरुषाकडून फसवणूक होऊन, दिवस गेले तर तिच्यापुढे गर्भपाताची विषारी औषधे, विहीर किंवा बालहत्या हेच मार्ग उरत. जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या तरुण ब्राह्मण विधवेच्या हातून असेच घडले. उच्च न्यायालयात खटल्याचा निकाल लागून तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा झाली. तिला फसविणारा पुरुष मात्र मोकळाच राहिला.

गृहाची स्थापना

या निकालानंतर लगेच, १८६३ साली, फुले दांपत्याने आपल्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रके लावण्यात आली. विधवांनी येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे अथवा येथेच ठेवावे, असा त्यांचा आशय होता. येणाऱ्या स्त्रियांची व बालकांची शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत.

१८८४ साली सरकारला सादर केलेल्या टिपणात जोतीरावांनी या कार्याचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा येथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती व ३० दगावली होती. गरोदरपण लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गर्भास इजा झाली, हे कारण त्यांनी नमूद केले आहे. हे आकडे आम्हांस अंतर्मुख करतात. दार उघडे होते. परंतु लोकलज्जेने त्या स्त्रियांना दारापर्यंत पोहोचण्यास उशीर लावला होता.

यशवंत

१८७४ साली याच गृहात जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने व सावित्रीबाईंनी हडपसरजवळ रुग्णांची सेवा केली. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाईंचे निधन झाले.

दरम्यान १८७५ साली आपल्या शेजारच्या पंढरपुरातही अशाच स्वरूपाचे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले होते. पुढे प्रार्थना समाजाने ते चालविले.

वाड्याचे आजचे रूप

गंज पेठेस आता महात्मा फुले पेठ असे नाव आहे. वाडा स्मारक म्हणून जतन केलेला असून आवारात जोतीरावांची समाधी आहे. १८६८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद याच घराचा.

आजच्या वाचकांसाठी

नवजात बालके उकिरड्यावर किंवा झुडपात सापडल्याच्या बातम्या आजही आपण वाचतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मुलाचा सांभाळ करणे अशक्य असलेल्या मातेस ते बालकल्याण समितीकडे सोपविता येते. त्यानंतर फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ही माहिती आपल्या वाडीवस्तीतील भगिनींपर्यंत पोहोचवावी, आणि अशी भगिनी दारी आलीच तर प्रथम तिला पाणी द्यावे, प्रश्न मागाहून विचारावेत, अशी आमची विनंती आहे. त्या ३० बालकांना उणीव भासली ती वेळेवर मिळणाऱ्या अशा आधाराचीच.