चपटे नाणे आणि वीरचंदजी



परदेश फिरून आलेली मुले हल्ली एक लांबट, चपटे नाणे दाखवतात. तिकडे प्रेक्षणीय स्थळी यंत्र असते. नाणे टाकून दांडा फिरवला की ते दोन पोलादी रुळांतून दाबून निघते आणि रुळावर कोरलेले चित्र त्यावर उमटते. आमच्या पुसेगावात असे यंत्र कुठले! शिवाय आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवायला किंवा नष्ट करायला बंदी आहे.

या छंदाची सुरुवात शिकागोच्या १८९३ च्या जागतिक मेळ्यात झाली असे मानतात. लोकांनी तिथे एक सेंटची नाणी चपटी करून आठवण म्हणून घरी नेली. त्याच मेळ्याच्या निमित्ताने सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली. निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना होते. पण साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य. म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. वय अवघे २९, मुंबईचे पदवीधर. परक्या देशात त्यांनी जैन धर्म समजावून सांगितला. १९०१ मध्ये, ३६ व्या वर्षी ते गेले. विवेकानंदांचे भाषण घरोघरी माहीत झाले, वीरचंदजी मात्र मागे पडले. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

मी बी.कॉम. झालेली, हिशेब बघतेच. चपट्या नाण्याला बाजारात किंमत नाही. त्याचे मोल त्यामागच्या गोष्टीत. डबा भरून नाणी जमवली तर तोही परिग्रहच. एकच ठेवा, आणि नातवंडांच्या हातात देताना वीरचंदजींची गोष्ट जरूर सांगा.