उशाजवळच्या डबीची कुळकथा

छातीत आयसीडी बसवून माणूस ब्रिटनमधल्या हॉस्पिटलातून घरी निघतो, तेव्हा बहुतेकदा त्याच्या हाती एक छोटी डबी दिली जाते. पलंगाशेजारी प्लगला लावून ठेवायची, एवढंच सांगितलेलं असतं. आयसीडी हे कॉलरबोनखाली, कातडीच्या आत बसवलेलं यंत्र. हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगाने भरकटले की ते आधी बारीक विद्युतस्पंद देऊन त्यांना ताळ्यावर आणू पाहतं. नाही जमलं तर सरळ झटका देतं. घडलेल्या प्रकाराची नोंदही तेच ठेवतं. रात्री माणूस झोपलेला असताना ही नोंद रेडिओलहरींवरून डबीकडे, तिथून मोबाइल नेटवर्कने कंपनीच्या सर्व्हरवर आणि शेवटी हॉस्पिटलातल्या कार्डियाक फिजिऑलॉजिस्टच्या पडद्यावर पोचते. हल्ली काहींच्या घरी डबीचं काम फोनमधलं ॲप करतं.

हिचं कूळ शोधत मागे गेलं की आपण लंडनच्या पॅडिंग्टन भागात, सेंट मेरीज हॉस्पिटलात पोचतो. १८८७ साली तिथे ऑगस्टस वॉलर यांनी छाती न उघडता, बाहेरूनच माणसाच्या हृदयातल्या विजेचा आलेख टिपला. पुढे त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून शांत उभा राही आणि जमलेल्या मंडळींना त्याच्या हृदयाची वीज दिसे. यावरून १९०९ मध्ये ब्रिटिश संसदेत, कुत्र्याचा छळ होतो का, असा प्रश्नही विचारला गेला होता.

वॉलर यांचं प्रात्यक्षिक पाहिलेल्या विलेम आइन्थोव्हेन यांनी हॉलंडमधल्या लायडनला त्याहून कितीतरी अचूक यंत्र बनवलं. पण ते अवजड होतं, पाण्याने थंड ठेवावं लागे आणि चालवायला पाच माणसं लागत. ते रुग्णाकडे नेणं अशक्य होतं आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणंही अवघड. तेव्हा १९०५ मध्ये त्यांनी हॉस्पिटलपासून प्रयोगशाळेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनच्या तारेतून हृदयाचा आलेख आणला. दूर असलेल्या हृदयावर नजर ठेवण्याची विद्या इतकी जुनी आहे. अंतराचं कोडं तेव्हाच सुटलं होतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय आणि ते कधी पाहणार, हे कोडं मात्र पुढे शंभर वर्षं पुरलं. मला या कुळकथेचा गाभा तोच वाटतो.

झटक्याची शाखा बेलफास्टची. रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले फ्रँक पँट्रिज यांच्या लक्षात आलं, की हृदयविकाराचे पुष्कळ रुग्ण हॉस्पिटलच्या दारापर्यंत येतच नाहीत. १९६५ मध्ये त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे ७० किलोंचा डिफिब्रिलेटर (हृदयाला झटका देणारं यंत्र) तयार केला आणि १९६६ पासून तो रुग्णवाहिकेतून थेट रुग्णाच्या दारी जाऊ लागला. त्याच १९६६ साली इस्रायलमध्ये डॉक्टर मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर अशाच भरकटलेल्या ठोक्यांनी गेले. त्यांना कायम हॉस्पिटलात ठेवणं शक्य नव्हतं. मग डिफिब्रिलेटरच शरीरात का ठेवू नये, हा विचार मिरोव्स्कींनी सोडला नाही. जाणत्या हृदयतज्ज्ञांनी त्यावर कडक टीका केली. तरीही ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं. या माणसाची ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

यंत्र आत गेलं आणि पाळत पुन्हा अवघड झाली. पेसमेकरच्या बाबतीत ही अडचण आधीच आली होती. जुन्या बॅटऱ्या अवचित संपत, म्हणून न्यूयॉर्कमध्ये सीमोर फर्मन यांनी १९७१ च्या सुमारास रुग्णांचे ठोके घरच्या टेलिफोनवरून ऐकायला सुरुवात केली. २००१ मध्ये बायोट्रोनिक कंपनीच्या पेसमेकरला मोबाइल जाळ्यावरून आपणहून निरोप धाडण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली. लवकरच आयसीडीही त्याच वाटेने बोलू लागले.

हे बोलणं किती मोलाचं, ते वायर तुटते तेव्हा कळतं. हृदयापर्यंत गेलेल्या वायरला चीर पडली की त्यातली खरखर यंत्राला ठोक्यांसारखी भासते आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण झटके बसू शकतात. ही खरखर आधीच हॉस्पिटलला कळली तर तो प्रसंग टळतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रस्ट' या अमेरिकी अभ्यासात ठोक्यांमधला बिघाड डॉक्टरांच्या नजरेला यायला एरवी ३६ दिवस लागत होते. दूरदेखरेखीत दोन दिवसांच्या आत आला.

म्हणून जास्त पाहिलं की जास्त जीव वाचतात का? इंग्लंडमधल्या नऊ हॉस्पिटलांनी 'रेम-एचएफ' या अभ्यासात हेच तपासलं. हृदय कमजोर झालेल्या १६५० रुग्णांपैकी निम्म्यांची माहिती दर आठवड्याला पाहिली गेली, बाकीच्यांची तपासणी नेहमीसारखी. २०१७ मध्ये निकाल आला: मृत्यू आणि अचानक हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. त्याआधी २०१४ च्या 'इन-टाइम' अभ्यासात मात्र रोज येणारी माहिती पाहून लगेच हालचाल केली जात होती. तिथे वर्षभरात १० मृत्यू झाले, तर नेहमीसारखी तपासणी झालेल्या गटात २७. दोन्ही अभ्यासांचे रुग्ण, यंत्रं, पद्धती वेगळ्या, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. पण नुसती माहिती साठल्याने कुणी बरं होत नाही, एवढं इंग्लंडच्या त्या प्रामाणिक निकालाने दाखवून दिलं, आणि तो तसाच छापला गेला याचं मला समाधान वाटतं.

२०२० च्या कोविडकाळात ब्रिटनमधली क्लिनिकं ओस पडली, तेव्हा अनेकांची डबी टपालाने घरी आली. त्यात आपल्याकडून मुलांजवळ राहायला गेलेले आजी-आजोबाही असतील. अशा घरांत एक गैरसमज सहज रुजतो: रात्रभर कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे. तसं नाही. निरोप सहसा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत पाहिले जातात आणि डबी रुग्णवाहिका बोलावत नाही. एक झटका बसला आणि नंतर बरं वाटत असेल, तर आयसीडी क्लिनिकला फोन करायचा. लागोपाठ झटके बसले, किंवा एका झटक्यानंतरही छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर राहिली, तर डबीकडे न पाहता ९९९ फिरवायचा.