शहाबादी फरशी

खोत म्हटलं की आम्हा कोकणातल्यांना सारा वसूल करणारा आठवतो. आत्येच्या सासरचा पत्ता ऐकून आजोबा म्हणाले होते, "मुंबईतही खोतच का?" गिरगावची ही वाडी मात्र पाठारे प्रभू खोतांची. त्यांनी जागा तुकड्यातुकड्यानं विकली, ती बहुतेक ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतली आणि ओटा, कौलं, बाहेरून लाकडी जिना अशी घरं उठवली. त्यांच्या शेजारानं मराठी बिऱ्हाडंही नांदली. त्यातलं एक आत्येचं.

गावी आमची जमीन शेणाची. पोपडे निघाले की उकरायची, चोपण्यानं चोपायची, सारवायची, की पुन्हा नवी. जमीन कायमची बिघडते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आत्येच्या पायाखाली आली ती शहाबादी फरशी.

मुंबईचा स्वतःचा दगड काळा, कठीण. टाकीनं घडवता घडवता पाथरवटाचा जीव जायचा. जोत्याला, पायऱ्यांना तो बरा. शहाबादचा दगड थराथरानं बसलेला, पहारीनं सपाट सुटणारा. गाव तेव्हा निजामाच्या मुलखात. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे शहाबादवरून रायचूरला पोचली आणि त्या फरशीला मुंबईची वाट मिळाली. पुढं चाळीचाळीत तीच दिसू लागली.

पण हा दगड चुन्याच्या जातीचा. आंबट पडलं की त्याचा वरचा पापुद्रा विरघळतो. आत्ये चौथी शिकलेली, तिला रसायन कुठलं ठाऊक! तरी देवाची तांब्याची भांडी ती मोरीतल्या काळ्या दगडावरच घासायची; चिंचेचा कोळ खोलीत आणू द्यायची नाही. सोलकढी सांडली तर आधी कोरड्या फडक्यानं टिपायची, मग पाणी. पुसायच्या आधी केर काढलाच पाहिजे, कारण चपलेबरोबर आलेली वाळू ओल्या फडक्याखाली फरशी ओरखडते. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, नारळाचा काथ्या, आणि मग दोनदा स्वच्छ पाणी. नाहीतर सोडा वाळून पांढरा उठतो. चाळीस वर्षं गुडघ्यावर बसून केलेल्या या कामानं फरशीला मऊ, निळसर तकाकी आली होती. आत्येचे गुडघे मात्र त्यातच गेले. हेही लिहायला हवं.

धाकट्याच्या लग्नाआधी घर उजळायचं म्हणून एक माणूस बोलावला. त्यानं बाटलीतलं ॲसिड पाण्यात ओतलं आणि फरशीवर फिरवलं. फस्‌ऽस करून फेस आला. सगळ्यांना वाटलं मळ निघतोय. निघत होता तो दगड. दोन दिवस फरशी गोरी दिसली. मग तकाकी गेलेल्या खरबरीत अंगात धूळ अशी बसली की काथ्याला दाद देईना. पुढं यंत्रानं घोटून घेतली. चकाकी परतली, पण घोटाई म्हणजे वरचा थर खरवडणंच. कडेच्या दोन पातळ फरश्या तेव्हाच तडकल्या.

आत्ये रागावली नाही. म्हणाली, "शेणाची असती तर उद्या सारवली असती रे."

वाडीत एके काळी पासष्ट घरं होती म्हणतात. आता तिशीच्या आत आली. घर उतरवताना दारं, खांब, कठडे विकत घेणारे भेटतात. घट्ट बसलेली फरशी पहारीनं उचकटताना बहुधा फुटते आणि डेब्रिजच्या ट्रकात जाते. आत्येच्या खोलीतली तशीच गेली. मोरीतला काळा दगड तेवढा अख्खा निघाला.